डोंग्यात बसण्याआधी

खैरलांजी हे नाव सांगितलं की पुण्या-मुंबईकडचा माणूस क्षणभर गप्प होतो. त्याला आठवते ती भंडारा जिल्ह्यातली खैरलांजी, २००६ साली जिथे एका दलित कुटुंबाचं हत्याकांड झालं. ते विसरण्यासारखं नाहीच. पण माझं माहेर ते नव्हे. आमची खैरलांजी मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात, तहसिलीचं गाव. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा भंडारा आणि नागपूर एकीकडे गेले, बालाघाट दुसरीकडे राहिला. शाळा हिंदी झाली, घर मराठीच राहिलं, आणि बाजारात दोन्हींची खिचडी. त्यात पोवारी मिसळली की आमची भाषा तयार. मी लग्नानंतर रायपूरला आले, तरी मासळीचा भाव विचारताना अजूनही तीच तोंडात येते.

यंदा होळीच्या मेळाव्यात मंडळातल्या तरुण मुलामुलींनी मला घेरलं, ते एका रात्रीवरून. महाशिवरात्रीनंतरच्या अमावस्येला मी आणि माझा भाचा राजीव सागर जलाशयावर रात्रभर मासेमारीला गेलो होतो. "आत्या, आम्हाला पण जायचंय, काय काय लागतं?" असं सगळ्यांचं एकच. मी त्यांना म्हटलं, रात्र एक होती, तयारी चार महिने चालली होती. आणि सांगण्यासारखं जे आहे ते बहुतेक त्या चार महिन्यांतलं आहे.

आधी हा मुलूख समजून घ्या, कारण तुमच्यापैकी बरेच जण रायपूर, भिलाई, जबलपूरलाच वाढलेले. वैनगंगेच्या दोन्ही बाजूंचा हा भाग धानाचा आणि तलावांचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात जुने हजारो तलाव आहेत. गोंडराजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी त्यातले बरेच बांधले. पाळ कुठे घालायची, जास्तीचं पाणी कुठून सोडायचं, कुठल्या बांधीला किती द्यायचं, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांध हा त्यातला सर्वांत नावाजलेला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला म्हणतात. पुढे या तलावांना मालगुजारी तलाव हे नाव पडलं. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. तलाव बांधणारे कोहळी, पण त्यातल्या मासळीवर पोट असणारे ढीवर. आमच्याकडे त्यांना ढीमर म्हणतात. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना नवेगावबांधला राहिले, तेव्हा पक्ष्यांची आणि माशांची कितीतरी माहिती त्यांनी अशाच लोकांकडून ऐकून टिपली. 'नवेगावबांधचे दिवस' हे त्यांचं पुस्तक मंडळाच्या कपाटात नसेल तर कुणीतरी आणून ठेवा. गेल्या वर्षी, २०२५ च्या जूनमध्ये, ते गेले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती.

राजीव सागर मात्र जुना तलाव नाही. बावनथडी नदी बालाघाट आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत येऊन वैनगंगेला मिळते. तिच्यावर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी मिळून सितेकसाजवळ धरण बांधलं, त्याचं हे पाणी. मातीची भिंत सहा किलोमीटरहून लांब आहे. एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक धुक्यात जातं. भिंतीखाली धान, भिंतीवर पाणी, पाण्याच्या काठाला जंगल. कमकासूरसारख्या आदिवासी गावांना या पाण्यासाठी उठावं लागलं. पाणी उतरतं तेव्हा वाळलेल्या झाडांचे बुंधे अजून वर डोकं काढतात. रात्री डोंग्याला आणि जाळ्याला खरी भीती या बुंध्यांची असते, पण ते पुढे.

मला तिथे घेऊन जाणार होते ते आमच्या ढीमरटोलीतले काका-काकू. काकू माझ्या लहानपणापासून आमच्या दारात मासळीची टोपली उतरवतात. त्यांचं माहेर जलाशयाच्या काठचं आणि त्यांचे भाऊ तिथल्या मच्छीमार सोसायटीचे सभासद. गेल्या दिवाळीत मी सहज म्हणाले, "काकू, एकदा रात्रीची मासेमारी बघायची आहे." काकू लगेच म्हणाल्या, "ये ना माय, त्यात काय." आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही, पण भांडी वाजली.

आमच्या घरात कुणी पाण्याच्या वाटेला जायचं नाही हा नियम माझ्या जन्माच्या आधीचा आहे. आईचा धाकटा भाऊ बावीस वर्षांचा असताना वैनगंगेत गेला. श्रावणात, डोंग्याने नदी ओलांडताना. मी त्याला फोटोतच पाहिलाय. त्यामुळे आम्ही तिघं भावंडं नदीच्या मुलखात वाढूनही कोरडीच राहिलो. गणपती विसर्जनालाही आई आम्हाला घाटाच्या वरच्या पायरीवर थांबवायची.

मी रायपूरला परत आले आणि पोहायला शिकायचं ठरवलं. वय अडतीस. तलावावर माझ्याबरोबर सात-आठ वर्षांची पोरं होती आणि ती माझ्या आधी शिकली. दीड महिन्यात मला पंचवीस मीटर जाता येऊ लागलं आणि, त्याहून कामाचं म्हणजे, पाठीवर पडून दहा मिनिटं तरंगता येऊ लागलं. हे मी आईला फोनवर आनंदाने सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "त्याला पण पोहता येत होतं. वैनगंगा आरपार करायचा तो. मग काय झालं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तयारी कुठून सुरू करायची ते त्या प्रश्नानेच ठरलं. डिसेंबरात मी गावी गेले तेव्हा काकांना विचारलं. काकांना तो दिवस आठवत होता. ते तेव्हा पोरसवदा होते. त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं: "डोंगा पाच मानसांचा, बसली होती नऊ. वरून दोन पोती. मधात धार लागली तशी एक बाई घाबरून उभी झाली. डोंगा कलला. तुह्या मामानं उडी मारली ते पोहायले नाही, दुसऱ्याले धरायले. आन्‌ ज्याले धरलं त्यानं त्याले गच्च आवळलं. अंगात धोतर, सदरा, वरून कोट. पोहनं येऊन काय करते मानूस?"

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि तीच वही आमच्या तयारीची यादी झाली. जास्त माणसं नाहीत. उभं राहायचं नाही. अंगावर ओलं होऊन जड होणारं काही नाही. कुणी पडलं तर त्याच्यामागे उडी मारायची नाही, दोर फेकायचा. आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट.

जॅकेटचा विषय वाटला तितका सोपा निघाला नाही. काका-काकूंनी आयुष्यात ते घातलेलं नाही. काकूंचे भाऊ तर हसलेच. त्यांचं म्हणणंही बरोबर होतं: जाळं ओढताना ते मधे येतं, गरम होतं, आणि जाळ्याची गाठ बकलात अडकली तर उलटी पंचाईत. मी म्हटलं, तुम्ही घाला किंवा नका घालू, आईला चार जॅकेटं दाखवल्याशिवाय मला दाराबाहेर पाऊल टाकता येणार नाही. मग चार आणली. घेताना तीन गोष्टी बघितल्या त्या तुम्हालाही सांगते. मानेमागे कॉलर हवी, म्हणजे माणूस बेशुद्ध असला तरी तोंड पाण्याच्या वर राहतं. माप वजनावरून घ्यायचं, शर्टाच्या मापावरून नाही. आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा, नाहीतर माणूस खाली आणि जॅकेट कानावर अशी गत होते. प्रत्येकाला शिट्टी बांधली. अंधारात हाक कुठून आली कळत नाही, शिट्टी कळते.

परवानगी हा दुसरा भाग. तो बहुतेक हौशी लोक गाळतात. मोठ्या पाण्यातली मासळी कुणाचीच नाही असं शहरात वाटतं, पण तसं नसतं. जलाशयाचा मासेमारीचा हक्क ठेक्याने दिलेला असतो, कुठे सोसायटीला, कुठे महासंघाला. मासळीचं बी, म्हणजे बोटभर पिल्लं, दरवर्षी विकत आणून सोडतात, कारण रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं, चढतं पाणी लागतं. म्हणजे तुम्ही गळाला लावलेला रोहू कुणीतरी पैसे देऊन तिथे सोडलेला असतो. या हक्कासाठी आपल्या राज्यात मोठ्या लढाया झाल्यात. तवा धरणात गावं गेलेल्या आदिवासींनी लढून १९९६ मध्ये तवा जलाशयाच्या मासेमारीचा हक्क मिळवला, तवा मत्स्य संघ चालवला, आणि दहा वर्षांनी तो हातातून गेला. नर्मदेवरच्या बर्गी जलाशयावरही विस्थापितांनी असाच हक्क मागून घेतला होता. म्हणून काकूंच्या भावांनी आधी सोसायटीत विचारलं. उत्तर आलं: पाहुणे म्हणून या, बसा, हात लावा. मासळी मात्र सोसायटीच्या काट्यावर जाईल. हवी असेल तर तिथून विकत घ्या. मला हे फार आवडलं. भाच्याचा चेहरा जरा पडला, त्याला स्वतः पकडलेला मासा हातात धरून फोटो हवा होता. फोटोला सोसायटीची हरकत नव्हती.

आणखी एक लक्षात ठेवा. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. मासळीच्या विणीचे हे दिवस. सुरुंगाची दारू फोडून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, वर्षभर. "मज्जा" म्हणून कुणी असं सुचवलं तर त्या टोळीबरोबर जाऊच नका.

दिवस कोणता निवडायचा यावर काका आणि काकूंचे भाऊ यांच्यात फोनवर आठवडाभर चर्चा झाली. मला वाटायचं पौर्णिमा छान, चांदणं पडेल. दोघंही एका सुरात नाही म्हणाले. चांदण्यात माशाला जाळं दिसतं. उभं जाळं काळोखातच काम करतं. तंगुसाचं बारीक जाळं संध्याकाळी पाण्यात भिंतीसारखं लावून ठेवायचं. मासा सरळ येतो, डोकं घरात शिरतं, अंग शिरत नाही, मागे फिरायला जातो तर कल्ले अडकतात. घर केवढं त्यावर मासा केवढा ते ठरतं, म्हणून लहान घराचं जाळं वापरणाऱ्याला जुनी माणसं शिव्या घालतात, उद्याचा मासा आज मारला म्हणून. तेव्हा अमावस्या नक्की.

महिना कोणता? पौष-माघात थंडीने रोहू-मृगळ सुस्त पडतात, फिरत नाहीत, मग जाळ्यात येणार कसे? शिवाय पहाटे धुकं इतकं की डोंग्याचं पुढचं टोक दिसत नाही. चैत्र-वैशाखात मासा फिरतो, पण संध्याकाळची वादळं येतात. उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. अर्ध्या तासात कमरेएवढ्या लाटा उठतात आणि विजा पडतात. मधली जागा उरते ती शिवरात्रीच्या आसपासची. शिवरात्रीला उपासामुळे मासळीला गिऱ्हाईक नाही, सगळा पाडा रिकामा. दुसऱ्या दिवशी अमावस्या आणि बाजार पुन्हा सुरू. काकूंनी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, याला म्हणतात पंचांग वाचणं.

जानेवारीअखेर आम्ही दिवसा जाऊन डोंगा बघून आलो. हे मी प्रत्येकाला सांगेन: रात्री ज्या पाण्यावर जायचं ते आधी दिवसा बघा. बुंधे कुठे आहेत, उथळ कुठे, काठाला उतरायची जागा कुठे, मोबाइलला रेंज कुठे येते. तिथे फोन कधी महाराष्ट्रातला मनोरा पकडतो, कधी मध्य प्रदेशातला, आणि बऱ्याच ठिकाणी कुठलाच नाही. ११२ आणि १०८ हे नंबर पाठ असून उपयोग नाही, ते कुठल्या टेकाडावर लागतात ते माहीत हवं. आम्ही ती जागा बघून ठेवली.

त्या दिवशी आई बरोबर आली. कुणी बोलावलं नव्हतं. गाडीत बसली आणि म्हणाली, चला. काठावर पोचल्यावर तिने डोंगा बघितला, लाकडी, अरुंद, आत बारीक पाणी साचलेलं. काकूंचे भाऊ डब्याने पाणी उपसत होते. आई म्हणाली, "किती मानसं बसतात?" ते म्हणाले, "चार." "तुम्ही किती बसणार?" "चार डोंगे असते तरी एकात चारच, बाई." मग आईने माझ्या हातातून जॅकेट घेतलं, लुगड्यावर चढवलं, मला म्हणाली, "पट्टा लाव." मी लावला. काकूंनी तिचा हात धरला आणि ती त्या बांधलेल्या डोंग्यात जाऊन बसली. पाणी घोट्याएवढं असेल. डोंगा थोडा डुलला, तिने दोन्ही कड धरल्या. कुणी काही बोललं नाही. पाचेक मिनिटं ती तशीच बसून पाण्याकडे बघत होती. उतरल्यावर तिने जॅकेट काढून झटकलं आणि भाच्याला म्हणाली, "हे रात्रभर काढायचं नाही. झोप आली तरी नाही." मामाचं नाव तिने घेतलं नाही, आम्हीही घेतलं नाही.

आता सामानाबद्दल, कारण पत्रांमध्ये प्रश्न त्याचेच जास्त आहेत. फेब्रुवारीअखेर दिवसा ऊन चढतं म्हणून फसू नका, पाण्यावर पहाटे तीन-चारला दात वाजतात. सुती गोधडी आणि जीन्स घरी ठेवा, ओली झाली की दगड. लोकरीचा स्वेटर ओला झाला तरी थोडी ऊब देतो. कानटोपी हवीच. पायात गमबूट नको, पाणी भरलं की तेच खाली ओढतात. सोडता येणाऱ्या साध्या सँडल बऱ्या. ओढणी, साडीचा पदर, लोंबणारा मफलर, हे सगळं जाळ्यात गुंततं. मी सलवार-कुर्ता सोडून भावाची जुनी ट्रॅक पँट घातली. काकू मात्र नऊवारी काष्ट्यात, आणि आमच्या सगळ्यांपेक्षा चपळ.

धार लावलेली छोटी सुरी डोंग्यात हाताशी हवी. मासा कापायला नव्हे, जाळं कापायला. पाय गुंतला आणि जाळं पाण्यात जायला लागलं तर विचार करत बसायचं नाही. हजारांचं जाळं गेलं तर गेलं. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या, पण समोरच्याच्या तोंडावर मारू नका. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका झोतात ती मोडते. भाच्याने बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावला होता, ती युक्ती उत्तम चालली. लाल उजेडात किडेही कमी येतात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, दोरीने गळ्यात.

आणि जे कुणी विचारत नाही पण सगळ्यांच्या मनात असतं: लघवीचं काय? काकूंचं उत्तर सरळ होतं. संध्याकाळी चारनंतर चहा बंद, आणि मध्यरात्री एकदा काठाला लागायचं. बायकांनी आधी जायचं, बॅटरी लावून, काठी आपटत, दोघी मिळून. हे जंगल पेंच आणि नागझिरा यांच्यामधल्या वाघांच्या वाटेवरचं आहे. काठावर शेकोटी पेटती ठेवून एक माणूस तिथेच बसवला होता तो त्यासाठीच. मुलींनो, या एका गोष्टीमुळे मागे राहू नका, पण आधी बोलून घ्या.

जेवण म्हणाल तर आईने तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी आणि तळलेल्या मिरच्या बांधून दिल्या. एका हाताने खाता येईल असंच घ्यावं.

रात्र तशी शांत गेली. सूर्य मावळायच्या सुमारास जाळं लावलं. काकूंचे भाऊ वल्हवत होते, काकू एकेक हात जाळं सोडत होत्या, वर तरंगायला जुन्या रबरी चपलांचे तुकडे, खाली वजनाला भाजलेल्या मातीचे मणी. मी आणि भाचा मधे, बूड टेकून, सांगितल्याशिवाय हलायचं नाही. काका काठावर शेकोटीपाशी. जाळ्याची जागा कशी ठरवली ते काकूंनी भाच्याला समजावलं. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरवरचं खातो. मृगळ तळाशी. रोहू मधे. म्हणजे एकाच पाण्यात तीन मजले, आणि प्रत्येक मजल्याचा भाडेकरू वेगळा. भाच्याने हे शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं म्हणे, पण तिथे तोंडाकडे बघायला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तकात नव्हतं ते मरळ, शिंगी, मागूर, पढीन या तलावाच्या मूळच्या मासळीचं. यांना कुणी विकत आणून सोडत नाही आणि त्या दरवर्षी कमी दिसतात, असं काकू म्हणाल्या. लहानपणी त्या आईबरोबर उथळ पाण्यात हातजाळ्याने झिंगे आणि बारीक मासळी धरायच्या, तेव्हा पाण्यात वनस्पती होती, मासळीला लपायला आणि अंडी घालायला जागा होती. भंडारा-गोंदियाकडे काही ढीवरांच्या सोसायट्यांनी तलावातली बेशरम उपटून ती जुनी वनस्पती पुन्हा लावली आहे, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "करायलेच पाहिजे. पन एवढ्या मोठ्या पान्यात कोन लावते?"

घड्याळ बघायची गरज पडली नाही. वर तिकांडं होतं, म्हणजे मृगाचे तीन तारे. ते पश्चिमेला कलून झाडांना टेकलं तेव्हा काठाला लागून जेवलो. उत्तरेला बाज उभी राहिली होती, आपले सप्तर्षी. दक्षिणेकडे विंचू पूर्ण वर आल्यावर काकूंचे भाऊ म्हणाले, चला, जाळं उचलू. एकदा मधे डोंगा कशाला तरी घासला आणि थांबला. बुंधा. भाचा दचकून अर्धा उठला. काकूंनी मागे न बघता नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो खाली बसला. भावांनी वल्ह्याने रेटून डोंगा सोडवला. एवढंच. पण त्या क्षणी वहीतली ती ओळ, "उभं राहायचं नाही," माझ्या पोटात गोळा होऊन उभी होती.

जाळ्यात अकरा रोहू, चार कटले, एक पढीन आणि एका जागी मोठं भोक. ते भोक कशाने पाडलं यावर दोघा भावाबहिणींचा वाद उजाडेपर्यंत चालला. भाच्याने कटला हातात धरून फोटो काढला, कटल्याने शेपटीने त्याचा चष्मा उडवला. चष्म्याला दोरी होती, कारण तीही यादीत होती.

सकाळी काट्यावर मासळी मोजली. आम्ही दोन किलोचा रोहू पैसे देऊन घेतला. आईने तो केला आणि त्याबरोबर चिन्नोर तांदळाचा भात टाकला. बालाघाटच्या या तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घरी तो त्याआधीही पाहुण्यांसाठीच निघायचा. काका-काकू जेवायला होते. आईने काकांना विचारलं की डोंग्याला दोर किती हात लांब होता. त्यांनी सांगितल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी दुप्पट घ्या."

पुढची वेळ लगेच नाही. चैत्रात वादळं, नंतर भाच्याची सुट्टी असली तरी वळवाचा पाऊस, मग बंदी. १५ ऑगस्टनंतर बंदी उठते, पण तेव्हा जलाशय भरलेला आणि पाणी गढूळ, नवशिक्यांचं काम नाही. त्यामुळे आता दिवाळीनंतरचीच एखादी अमावस्या. चारही जॅकेटं खैरलांजीला आईच्या कोठीच्या खोलीत खुंटीवर आहेत, उंदरांनी कुरतडू नयेत म्हणून तिने त्यांना जुनी चादर गुंडाळली आहे. मंडळातून कुणाला यायचं असेल तर एका डोंग्यात दोनच पाहुणे, आणि आधी पोहणं.